वाटी खालीच का पडते?

मैत्रिणींनो, हातातली वाटी सुटली की ती खालीच का पडते, असे घरातल्या पोरांनी कधी ना कधी विचारलेले असतेच. "पृथ्वी ओढते म्हणून," असे सांगून आपण मोकळ्या होतो. पण एखादी चौकस मुलगी पुढे विचारते, "कशाने ओढते? मध्ये दोरी तर दिसत नाही!" मग आपले ठरलेले उत्तर : "बाबांना विचार." दोनदा असे ऐकले की ती तिसऱ्यांदा विचारतच नाही. नुकसान होते ते इथेच.

खरे तर हा प्रश्न भल्याभल्यांना अडवणारा आहे, बरं का! न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. ओढ किती, हे अचूक सांगितले. पण मधल्या रिकाम्या जागेतून ती पोहोचते कशी, हे काही त्याला सांगता आले नाही.

पुढे १९०७ साली आइन्स्टाइनच्या मनात आले, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवणारच नाही. हे तुम्हांला घरीही पाहता येईल. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा. ते बोटाने दाबून बाटली पाण्याने भरा आणि झाकण न लावता मोरीत उंच धरा. बोट काढले की धार सुरू होईल. आता बाटली सरळ सोडून द्या. पडता पडता धार थांबते! पाणी आणि बाटली बरोबरच पडत असल्याने पाण्याचा भार भोकावर येतच नाही.

मग ओढ गेली कुठे? आइन्स्टाइनने १९१५ साली उत्तर दिले : ओढणारे कोणी नाहीच. जागा म्हणजे नुसती पोकळी नव्हे. जागा आणि काळ मिळून एकच वीण आहे. पृथ्वीसारख्या जड वस्तूभोवती ती वाकते, आणि त्या वाकलेल्या विणीतून वस्तू आपल्या सरळ वाटेने जातात.

पटत नाही ना? एक कलिंगड घ्या. त्यावरच्या शेजारच्या दोन पट्ट्या पोटाशी एकमेकींपासून लांब असतात, देठाशी मात्र एकत्र येतात. दोन मुंग्या पोटापासून देठाकडे नाकासमोर चालू लागल्या, तर शेवटी त्यांची गाठ पडणारच. कोणी कोणाला ओढले का? छे! सालीचा आकारच तसा.

गंमत म्हणजे काळसुद्धा वाकतो. जमिनीजवळचे घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालते. २०१० साली अमेरिकेत अतिशय अचूक अणुघड्याळे वापरून केवळ ३३ सेंटिमीटर उंचीने पडणारा हा फरक मोजला गेला. म्हणजे मांडणीच्या खालच्या आणि वरच्या फळीवरसुद्धा काळ अगदी एकसारखा नाही! आणि आपली वाटी खाली येते ती मुख्यतः काळाच्या या वाकण्यामुळेच.

ही वीण थरथरतेही. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याच्या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' यंत्रांनी टिपल्या. त्या इथवर पोहोचायला शंभर कोटींहून अधिक वर्षे लागली होती. तसेच यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे.

अशा यंत्रांवर काम करायला प्रश्न विचारणारी माणसेच लागतात. त्यांत आपल्या मुली असायला काय हरकत आहे? उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. "चल, दोघी मिळून बघू," एवढे म्हटले तरी पुरे.