वाद्यवृंदांतील श्रमविवाद

सिंफनी वाद्यवृंदातील वादक आणि त्यांना कामावर ठेवणारी संस्था यांच्यात वेतन, तालमींचे तास, नोकरीची शाश्वती, वादकांची संख्या इ. प्रश्नांवरून उद्‌भवणारे विवाद. संप, टाळेबंदी व सामुदायिक वाटाघाटी ही त्यांची रूपे कारखान्यातील कलहांसारखीच असली, तरी त्यांचे आर्थिक मूळ वेगळे आहे. यंत्रांमुळे कारखान्यात दरडोई उत्पादन वाढते. परंतु बेथोव्हनची सिंफनी वाजविण्यास त्याच्या काळी जेवढे वादक व जेवढा वेळ लागे, जवळजवळ तेवढाच आजही लागतो. इतर क्षेत्रांबरोबर वेतन वाढवावे, तर तिकिटांच्या उत्पन्नातून खर्च भागत नाही आणि देणग्या व अनुदाने यांवर विसंबावे लागते. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हा सिद्धांत सविस्तर मांडला.

अशा विवादांतून काही वेळा नव्या संस्था जन्मास आल्या. लंडनच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात स्वतःऐवजी बदली वादक पाठविण्याची प्रथा बंद करण्यात आली, तेव्हा चाळीसहून अधिक वादक बाहेर पडले व त्यांनी १९०४ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा हा स्वयंशासित वाद्यवृंद स्थापिला. मराठी संगीत रंगभूमीवरही याच्याशी काहीसा समांतर प्रसंग घडला. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तथापि कलावंतांच्या मालकीमुळे खर्चाचा प्रश्न सुटतोच असे नाही. पुढे भागीदार फुटले आणि मंडळी कर्जबाजारी झाली.

अमेरिकेत वादकांच्या संघटना प्रबळ आहेत. १९६० नंतरच्या दशकात काही मोठ्या वाद्यवृंदांतील वादकांना वर्षभराच्या वेतनाचे करार मिळाले. एकविसाव्या शतकातील आर्थिक मंदीनंतर मात्र व्यवस्थापनांनी वेतनकपातीचा आग्रह धरला. डेट्रॉइट येथे २०१०-११ मध्ये सु. सहा महिने संप चालला. मिनेसोटा वाद्यवृंदात ऑक्टोबर २०१२ पासून पंधरा महिने टाळेबंदी होती. त्या काळात संगीत संचालक ऑस्मो व्हान्स्का यांनी राजीनामा दिला व समझोत्यानंतर ते परतले.

मुंबईत या प्रश्नाने निराळे रूप घेतले. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. परंतु वादकांना वर्षभर पोसणारी वेतनव्यवस्था शहरात उभी राहिली नाही. चर्चच्या संगीतशाळांतून स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीय वादकांची उपजीविका हॉटेले, नृत्यगृहे व मुख्यतः चित्रपटांचे ध्वनिमुद्रण यांवर चाले. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये अशा वादकांना एकत्र आणून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रयोग केला. तोही स्थायी झाला नाही. चित्रपटांतील वादकांचे काम कायम नोकरीचे नसून पाळीचे होते. त्यामुळे सिने म्युझिशियन्स असोसिएशन या त्यांच्या संघटनेपुढे मेहनतान्याचे दर व देयकांची वसुली हे प्रश्न प्रमुख राहिले. इलेक्ट्रॉनिक वाद्ये व बहुपथ ध्वनिमुद्रण यांच्या प्रसारानंतर मोठ्या वादकसमूहाची गरजच घटली. जेथे कायम नोकरी नाही, तेथे संप वा टाळेबंदी घडतेच असे नाही. काम मुकाट्याने नाहीसे होते.

कायद्याचे संरक्षणही मर्यादित आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ मध्ये सादरकर्त्यांच्या हक्कांना स्थान मिळाले व २०१२ मध्ये स्वामित्वधनाची तरतूद झाली. परंतु चित्रपटातील ज्यांचे सादरीकरण प्रासंगिक असून प्रचलित व्यवहारात ज्यांचा नामनिर्देश होत नाही, अशांना बहुतेक हक्कांपुरते सादरकर्ते मानले जात नाही. त्यामुळे श्रेयनामावलीतील उल्लेख हा केवळ मानाचा विषय राहिलेला नाही.

राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) २००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. खुश्रू सनटूक व कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे त्याचे संस्थापक होत. त्याच्या मैफलींच्या हंगामांसाठी बरेच वादक परदेशांतून करारावर आणले गेले. स्थानिक वादक घडविण्यासाठी संगीतशिक्षणाबरोबरच शाश्वत वेतनाची हमीही आवश्यक ठरते.