विडा उचलला खरा, पण...

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, वळ्ळुवर कोट्टमच्या दगडी रथाच्या आसपास लग्नसराईत हिंडले, की कुठल्या तरी दारात केळीचे खांब बांधलेले दिसतातच. आत साखरपुडा चाललेला असतो. तिकडे त्याला 'निश्चयतांबूल' म्हणतात. वडीलधाऱ्यांसमोर लग्नपत्रिका मोठ्याने वाचली जाते आणि मग दोन्हीकडची मंडळी पान, सुपारी, नारळ, फळे यांची ताटे एकमेकांच्या हाती देतात. ताटे बदलली की सोयरीक पक्की. पान हातात घेतले म्हणजे शब्द दिला.

मराठी माणसाला हे परके वाटायला नको. आपल्याकडेही सुपारी फुटली की लग्न ठरते. आणि अवघड काम अंगावर घेणाऱ्याने 'विडा उचलला' असे आपण म्हणतो, ते याच रीतीतून. जुन्या दरबारात जोखमीची कामगिरी निघाली, की तबकात विडा ठेवला जाई. ज्याची छाती असेल त्याने पुढे येऊन तो उचलायचा. कागद नाही, सही नाही. भरल्या दरबाराची साक्ष तेवढी. नाव घेऊन हुकूम सोडला असता, तर अपयशाचे खापर हुकूम देणाऱ्याच्या माथ्यावरही फुटले असते. आपल्या हाताने उचललेल्या विड्याला ती पळवाट नव्हती.

साध्या पानाला एवढे वजन का? राजाने दिलेले पान हा मोठा मान होता. १४४३ मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर रझाक या इराणी वकिलाला राजाकडून पान आणि कापूर मिळत असे. शिवाय दरबार संपताना पानसुपारी होई. विडा मिळाला की उठायचे आणि निघायचे!

सगळ्यांत गाजलेला विडा अर्थातच विजापूरचा. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांना पकडून आणण्याचा विडा अफजलखानाने उचलला, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. घोड्यावरून न उतरता राजांना जिवंत धरून आणीन, ही खानाची बढाई सभासदाने बखरीत लिहून ठेवली. गंमत म्हणजे ती बखर लिहिली गेली तमिळ मुलखातच, जिंजीच्या किल्ल्यावर, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. खान भेटीला गेला तो मात्र पालखीतून. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्या विड्याचा हिशेब पुरा झाला.

विड्यातली सुपारी पुढे वेगळ्याच वाटेने गेली. तमाशाचा फड किंवा बँडवाले 'सुपारी' घेतात, तोवर ठीक होते. मुंबईच्या गुन्हेगारांनी खुनाचीही सुपारी घेतली आणि शब्दच बदनाम झाला. पण विचित्र वाटले तरी तिथे जुना अर्थ शाबूत आहे: सुपारी घेतली की काम करावेच लागते. उलट व्यासपीठावरून गरिबी हटवण्याचे, नदी स्वच्छ करण्याचे विडे रोज उचलले जातात. समोर तबक नसते, आणि पुढच्या सभेत कोणी विचारतही नाही.

तमिळ घरांत, येण्यासाठी आढेवेढे घेणाऱ्याला टोमणा मारतात, 'पानसुपारी ठेवून बोलवायचे का?' आपल्या आजीच्या तोंडी हेच 'अक्षत द्यायला हवी होती का?' असे येते. नुंगंबाक्कमच्या मांडवात मात्र टोमण्याला जागा नसते. आलेल्या प्रत्येकाच्या हाती निघताना पान, सुपारी आणि नारळाची पिशवी ठेवली जाते, आणि ती नाकारून कोणी घरी जात नाही.