गॅसचा वास आला? आधी हात आवरा, मग दार उघडा

पहाटेचे साडेपाच. बाहेर पावसाची झड, म्हणून रात्रभर खिडक्या बंद. चहा ठेवायला स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि गॅसचा वास आला. अशा वेळी हात सवयीनं कुठे जातो? लाईटच्या बटणाकडे. नाहीतर वास बाहेर जावा म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे. घरात गॅस साचलेला असेल, तर नेमकी हीच हालचाल जिवावर बेतू शकते.

बेळगाव, खानापूर, चंदगड भागात पावसाळ्याचे चार महिने घरं बंदच असतात. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी हेच थंडीत होतं. त्यामुळे गॅस नेमका वागतो कसा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

गॅस वर जात नाही, खाली बसतो

टाकीतला गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जवळजवळ दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली की तो धुरासारखा वर न जाता फरशीवर पसरतो. कट्ट्याखाली, कपाटामागे, फ्रिजखाली जाऊन साचतो. टाकीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि बाहेर आल्यावर साधारण २५० पट फुगतो. हवेत त्याचं प्रमाण अवघं दोन टक्क्यांच्या आसपास गेलं, तरी एका ठिणगीवर पेट घेतो.

ही ठिणगी काडीपेटीचीच असायला हवी असं नाही. बटण चालू करताना आणि बंद करतानाही आत बारीक ठिणगी उडते. फ्रिज तर आपोआप चालू-बंद होत असतो. 'सिलिंडरचा स्फोट' अशा बातम्या आपण वाचतो. पण पुष्कळदा टाकी शाबूत असते आणि स्फोट होतो तो खोलीत साचलेल्या गॅसचा.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं आणि सर्दी असेल तर वास येतच नाही. म्हणून 'आता वास कमी झाला' यावर भरवसा ठेवू नका.

वास आला तर काय कराल?

१. कोणतंही बटण दाबू नका. जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद राहू दे. काडी, लायटर, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांतलं काही पेटवू नका. दिवा आधीच जळत असेल आणि गॅसचा वास जोराचा असेल, तर आत थांबू नका, सगळे बाहेर पडा.

२. दारं-खिडक्या सावकाश, पूर्ण उघडा. गॅस खाली साचतो, म्हणून नुसती खिडकी पुरत नाही. दार उघडलंच पाहिजे.

३. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा. रेग्युलेटर सहज निघत असेल तर काढून टाकीच्या तोंडावर टोपी बसवा. ही टोपी टाकीला दोरीनं बांधलेली असते. ती तोडून फेकू नका.

४. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना घेऊन बाहेर पडा. विजेचा मेन स्विच घराबाहेर असेल तरच तो बंद करा.

५. मोबाईल बाहेर गेल्यावरच वापरा. १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. कर्नाटकात असा, महाराष्ट्रात की गोव्यात, क्रमांक तोच. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

वडोदरा, इंदूर अशा शहरांत अनेक घरांत पाईपने गॅस येतो. तो नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यानं छताकडे जातो. तिथे वरच्या खिडक्या, झडपा आधी उघडा आणि पाईपवरचा मुख्य कॉक बंद करा. कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो. तो दारामागे लिहून ठेवा.

गळती होऊच नये म्हणून

टाकी नेहमी उभी आणि मोकळ्या हवेत ठेवा. बंद कपाटात नको. शेगडी टाकीपेक्षा उंचावर असावी. नळी आयएसआय शिक्क्याची घ्या. नळीवर तारीख असते. पाच वर्षांत ती बदला, आणि चीर दिसली किंवा उंदरानं कुरतडली असेल तर लगेच बदला. नळीवर प्लास्टिकचं वेष्टण चढवू नका, चिरा त्याखालीच लपतात.

नवीन टाकी घेताना सील पाहा, आणि गॅसवाल्याकडून वजन व गळती तपासून घ्या. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. टाकीच्या वरच्या पट्टीवर 'सी' आणि पुढे वर्ष असं काही दिसेल. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका.

गळतीचा संशय आला तर साबणाचं पाणी सांध्यांवर लावा; बुडबुडे आले की गळती. काडी ओढून पाहण्याचा उद्योग कधीच नको.

दूध उतू जाऊन किंवा वाऱ्यानं ज्योत विझते आणि गॅस मात्र येतच राहतो. बहुतेक घरगुती शेगड्यांत तो आपोआप बंद होण्याची सोय नसते. म्हणून दूध ठेवून बाहेरच्या खोलीत जाऊ नका. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांडी काळी पडत असतील तर बर्नर साफ करून घ्या. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून कढईवर झाकण टाका.

नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्या अपघात विमा काढतात. त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. दुर्घटना घडलीच तर वितरकाला लगेच लेखी कळवा.

आणि एक सवय आज रात्रीपासूनच लावा: झोपण्याआधी कडी लावतो तसाच रेग्युलेटरही बंद करायचा. घरात ते काम कुणाचं, हेही ठरवून टाका. 'तिनं केलं असेल', 'त्यानं केलं असेल' या भरवशावर तो रात्रभर चालूच राहतो.