पत्ता? तिसरी फांदी!

वीकएंडला पुण्याहून खामगावला घरी गेलात की सकाळचा अलार्म लावायची गरजच नसते. टिनांवर धाडधाड आवाज होतो आणि शेजारून पुकारा येतो, ‘वांदरं आली रे!’ आई काठी शोधते, बाबा गच्चीवरचं वाळवण उचलायला धावतात. शाळकरी पुतण्या मात्र सायन्सच्या पुस्तकातून डोकं वर काढतो. ‘‘काका, आर्बोरियल म्हणजे काय?’’

‘झाडावर राहणारा’ असं सांगून सुटता येतं. पण थांबा, या शब्दाची कुंडली भारी आहे!

लॅटिनमध्ये ‘आर्बोर’ म्हणजे झाड. त्यावरून झाला ‘आर्बोरियस’ आणि सतराव्या शतकात इंग्रजीत आला ‘आर्बोरियल’. तेव्हा अर्थ होता नुसता ‘झाडासंबंधी’. ‘झाडावर राहणारा’ हा अर्थ चिकटला 19व्या शतकात. मग बागेतला वेलींचा मांडव, तो ‘आर्बर’ याच घराण्यातला ना? चूक! तो मुळात ‘हर्ब’च्या कुळातला, जुन्या फ्रेंचमधून आलेला. स्पेलिंग तेवढं झाडाकडून उसनं घेतलेलं.

आता आपल्याकडचा शब्द बघा. संस्कृतात वानराला ‘शाखामृग’ म्हणतात, अमरकोशात तो आहे. फांदीवरचं हरीण? अजिबात नाही. ‘मृग’ म्हणजे मुळात कुठलाही रानटी प्राणी. म्हणूनच सिंह ‘मृगेंद्र’ आणि शिकार ‘मृगया’. पुढे अर्थ आकसून हरणापुरता उरला. गंमत म्हणजे इंग्रजी ‘डिअर’चंही असंच झालं. जुन्या इंग्रजीत तो शब्द कुठल्याही प्राण्याला चालायचा.

थोडक्यात काय, तर इंग्रजी शब्द झाड दाखवतो आणि आपला थेट फांदी. खरा मुद्दाही फांदीचाच आहे. आपला राज्यप्राणी शेकरू घ्या. मेळघाटात तो आहे. घरटं झाडावर, खाणं झाडावर, प्रवासही झाडावरूनच. सहा-एक मीटरची उडी तो मारतो, पण त्यापुढे? मधली झाडं गेली की त्याचा रस्ताच बंद. वानराचं तसं नाही. ते जमिनीवरही वावरतं, म्हणून त्याचं निभावतं. फांदी नाही तर टिन!

तेव्हा पुतण्याला अर्थ सांगताना एवढंही सांगा. आणि नव्या गाडीच्या पार्किंगसाठी कंपाउंडमधला कडुनिंब तोडायचा विषय घरात निघालाच, तर आधी वर बघा. कुणाचा तरी पत्ता तिथे असू शकतो.