भ्रूणाचा आहार : सात दिवस, एक थेंब

प्रयोगशाळेत फलित झालेला गाईचा भ्रूण तेलाच्या थराखाली संवर्धन द्रावणाच्या इवल्याशा थेंबात वाढतो. साधारण सातव्या दिवशी तो गाईच्या गर्भाशयात सोडण्याजोगा होतो.

● अडसर : पूर्वी बहुतेक भ्रूण ८ ते १६ पेशींवर येऊन थांबत. त्यांना पुढे वाढवण्यासाठी मेंढीच्या अंडवाहिनीत ठेवावे लागे.

● १९७२ : टर्व्हिट, व्हिटिंगहॅम आणि रॉसन यांनी मेंढीच्या अंडवाहिनीतील द्रवाच्या घटकांवर बेतलेले कृत्रिम द्रावण वापरले. आजची अनेक द्रावणे त्याचीच सुधारित रूपे आहेत.

● ऊर्जा : सुरुवातीच्या भ्रूणाला पायरुव्हेट आणि लॅक्टेट मानवते. जादा ग्लुकोज त्याची वाढ रोखते. पुढच्या टप्प्यात मात्र तेच लागते. म्हणून काही प्रयोगशाळा मध्येच द्रावण बदलतात.

● हवा : प्राणवायू २० ऐवजी ५ टक्के ठेवल्यास पेशींवरचा ताण घटतो.

● सीरम : रक्तातले सीरम मिसळल्यास भ्रूण झपाट्याने वाढतात, पण काही वासरे अवाजवी वजनाची निपजतात, गाय अडते. त्यामुळे शुद्ध अल्ब्युमिन आणि अमिनो आम्लांकडे कल वाढला.

चांगल्या द्रावणाची खरी कसोटी भ्रूणांची संख्या नव्हे, तर सुखरूप व्यालेली गाय आणि धडधाकट वासरू हीच आहे.