कोणते गाणे, आणि का?

"सध्या तुम्ही कोणते गाणे ऐकता?" असे कोणी विचारले, तर आपण चटकन गाण्याचे नाव सांगतो. "ते का ऐकता?" असे विचारले, की मात्र आपण अडखळतो. "छान आहे म्हणून," एवढेच उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय आपल्या लोकांना रेडिओने लावली. दुसऱ्या प्रश्नाची सवय फार थोड्यांना लागली.

'फर्माईश' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. पूर्वी मैफलीत समोर बसलेल्या गायकाकडे लोक आवडीची चीज मागत. रेडिओ आल्यावर हे मागणे पोस्टकार्डावर लिहून होऊ लागले. कार्डावर गाण्याचे बोल, चित्रपटाचे नाव, आपले नाव, घरातील सर्वांची नावे आणि गावाचे नाव लिहायचे आणि कार्ड पेटीत टाकायचे. मग रोज कान लावून बसायचे. निवेदकाने आपले नाव वाचले, की त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्यात आनंद!

या पत्रांमागे एक मोठी घटना आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर हे केंद्र सरकारचे नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचे प्रेम होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत पोहोचावे, ही त्यांची इच्छा चांगली होती. पण तुम्ही काय ऐकता आणि का ऐकता, हे श्रोत्यांना कोणी विचारले नाही. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त रेडिओचा काटा फिरवला आणि तो श्रीलंकेतील कोलंबोच्या 'रेडिओ सिलोन'वर नेऊन ठेवला.

त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता ती लागे. निवेदक होते मुंबईचे अमीन सयानी. त्या वेळी ते वीस वर्षांचेही झाले नव्हते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याची फीत कोलंबोला जाई. सुरुवातीला सात गाणी वाजवत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा असे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. पुढे आठवड्याची पत्रे ६५,००० पर्यंत गेली. इतकी पत्रे उघडून तपासणे अशक्य झाले, तेव्हा पद्धत बदलावी लागली. मग तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची मते पाहून गाण्यांच्या पायऱ्या ठरू लागल्या.

अमीन सयानींची भाषा सर्वांना समजे. ती त्यांना घरात मिळाली होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचे काम करीत. नुकतेच वाचायला शिकलेल्या लोकांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढीत. ते उर्दू, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, पण भाषा एकच, साधी हिंदुस्थानी असे. लहानपणी अमीन या कामात आईला मदत करीत. अवघड शब्द टाळून मनातले नीट कसे सांगावे, हे ते तेथेच शिकले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा आवाज आठवून जुने श्रोते हळहळले.

इकडे आकाशवाणीनेही विचार बदलला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि चित्रपटगीते पुन्हा मानाने वाजू लागली. तेथेही पत्रांचा पाऊस पडला. आज झारखंडात असलेले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे गाव. पण देशाला ते माहीत झाले ते फर्माईशीच्या पत्रांमुळे! तेथील शौकीन लोक चढाओढीने पत्रे पाठवीत. मला मात्र वाटते, की या चढाओढीत गाणे मागे पडले आणि नाव पुढे आले. ते गाणे त्यांना का हवे होते, हे पत्रावरून कधीच कळले नाही. पत्रात तेवढी जागाच नव्हती.

'का' याला जागा दिली ती विविध भारतीच्याच 'जयमाला'ने. हा कार्यक्रम सैनिकांसाठी असे. एरवी सैनिकांची नावे आणि त्यांच्या पसंतीची गाणी ऐकवीत. पण शनिवारच्या 'विशेष जयमाला'त एखादा गायक, संगीतकार किंवा अभिनेता स्वतः येऊन बोले. आपल्या आवडीची गाणी तो निवडी आणि प्रत्येक गाण्याआधी त्याची एखादी आठवण किंवा त्यातील खुबी सांगे. शेकडो वेळा ऐकलेले गाणेही मग नवे वाटे. ऐकणाऱ्याला वाटे, अरे, हे तर आपल्या ध्यानातच आले नव्हते!

कारण सांगायचे ते असे सांगावे, की ऐकणाऱ्याचा कान त्या जागी जाईल. "आवाज गोड आहे" हे कारण नव्हे. ते हजार गाण्यांना लागू पडते. एक उदाहरण देतो. महंमद रफी यांचा जन्म १९२४ मध्ये पंजाबातील कोटला सुलतानसिंह या गावी झाला. मराठी त्यांची भाषा नव्हती. तरी संगीतकार श्रीकांत ठाकरे यांच्याकडे त्यांनी मराठी भावगीते आणि भक्तिगीते गायिली. त्यांतील काही वंदना विटणकर यांनी लिहिली आहेत. मी ती पुन्हा पुन्हा ऐकतो, ती एका अक्षरासाठी. मराठीतील 'ळ' उर्दूच्या हरूफांत नाही. तुमच्यापैकी कित्येकांना तो म्हणताना त्रास होतो आणि 'शाळा'ची 'शाला' होते. आता रफींच्या मराठी गाण्यात 'ळ' कोठे येतो ते शोधा आणि तो त्यांनी कसा म्हटला आहे, तिकडे कान द्या. परकी भाषा गाताना त्यांनी घेतलेली मेहनत तुम्हांला ऐकू येईल.

आता मोबाइलवर एका बोटाने गाणे मित्राला पाठवता येते. एक गाणे संपले, की दुसरे आपोआप सुरू होते. पोस्टकार्ड नको, वाट पाहणे नको. सोय मोठी आहे, पण पाठवलेल्या गाण्याबरोबर दोन ओळीही नसतात. म्हणून मी नववीच्या वर्गाला सांगितले, की एका गाण्याचे नाव लिहा आणि त्याखाली मराठीत पाच ओळी कारण लिहा.

बहुतेकांनी नव्या चित्रपटांची गाणी लिहिली. कोणी नात लिहिली, कोणी कव्वाली. एकाने आमच्या झाडीपट्टीतील दंडारीचे गाणे लिहिले आणि ढोलकी कोठे थांबते, तेही लिहिले. एका मुलीने मात्र गाण्याचे नावच दिले नाही. तिची नानी घरी बिड्या वळते. हात तेंदूच्या पानात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून शेजारी रेडिओ लावलेला असतो. मुलीने लिहिले होते, "जुने गाणे लागले की नानी बोलत नाही, पण तिचे हात गाण्याच्या ठेक्यावर चालतात. गाणे कोणते ते मला माहीत नाही. ते लागले की सूप लवकर भरते."

ते वाचून झाल्यावर वर्गातील मुले तिला म्हणाली, "नानीला गाण्याचे नाव विचारून ये." दुसऱ्या दिवशी ती तीन नावे लिहून घेऊन आली.