कळण्याच्या भाकरीचे गणित

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याला काय किंवा खानदेशातल्या दुसऱ्या कोणत्याही गावी काय, कळण्याची भाकरी माहीत नाही असे घर सापडणे कठीण. ज्वारीत सालासकट उडीद घालून दोन्ही एकत्र दळले की कळण्याचे पीठ होते. साधारणपणे चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद. घरोघरी थोडा फरक असतो. उडदाने चव येते हे खरेच. पण या मिश्रणाचा आणखी एक फायदा आहे, आणि तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना त्याची विशेष गरज आहे.

अन्नातली प्रथिने शरीर जशीच्या तशी वापरीत नाही. पचनात ती मोडून ॲमिनो आम्ले सुटी होतात आणि त्यांतून शरीर स्वतःची प्रथिने जुळवते. यांपैकी नऊ आम्ले शरीराला बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. एक जरी कमी पडले तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही. सुताराजवळ खाटेच्या चौकटी दहा असल्या, पण पाय बाराच असले, तर खाटा तीनच होणार! अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१४ मध्ये उंदरांवर हेच दाखवले. प्रथिन म्हणून केवळ गव्हातले ग्लायाडिन दिले, तेव्हा उंदीर जगले पण वाढेनात. त्याच आहारात लायसीन हे आम्ल घालताच ते वाढू लागले.

ज्वारीतही नेमके लायसीनच कमी असते. प्रौढ माणसाच्या अन्नात दर ग्रॅम प्रथिनामागे ४५ मिलिग्रॅम लायसीन हवे. ज्वारीत ते सुमारे २३, म्हणजे निम्मेच. उडदात मात्र सुमारे ६६.

आता हिशेब मांडा. ८० ग्रॅम ज्वारीत ८ ग्रॅम प्रथिन आणि १८४ मिलिग्रॅम लायसीन. २० ग्रॅम उडदात सुमारे ४.४ ग्रॅम प्रथिन आणि २९० मिलिग्रॅम लायसीन. एकूण १२.४ ग्रॅम प्रथिनामागे ४७४ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे ३८. गरजेच्या ५१ टक्क्यांवरून आपण एकदम ८५ टक्क्यांवर आलो, तेही पाचव्या हिश्श्याच्या उडदाने!

मग म्हाताऱ्या माणसांचा विशेष उल्लेख का? उतारवयात स्नायू झिजतात. जमिनीवरून उठणे म्हणजे शरीराचे वजन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलणे. वजन तेच राहते, उचलणारे बल मात्र घटते. शिवाय तेवढ्याच प्रथिनातून वृद्धांचे स्नायू तरुणांपेक्षा कमी बांधणी करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन सुचवले. पासष्टीपुढच्यांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ मध्ये सांगितले. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांनाच विचारावे.)

प्रत्यक्षात काय होते? दात गेले की भाकरी सुटते, भूक मंदावते आणि रात्रीचे जेवण चहा-बिस्किटांवर येते. त्यातून जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिन मिळते. त्यापेक्षा कळण्याची भाकरी पातळ वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावी. दोन्हींत लायसीन भरपूर असते. वाटीभर वरणात ३० ग्रॅम डाळ असली तर सहा-सात ग्रॅम प्रथिनाची भर पडते. वरण नुसते पिवळे पाणी असेल तर अर्थातच नाही.

आपल्याकडे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आवडीने खातात. शेंगदाण्यात प्रथिन जवळजवळ डाळीइतकेच असते, पण त्यातही लायसीन कमीच. म्हणून साध्या ज्वारीच्या भाकरीची उणीव चटणीने भरत नाही. चटणी जरूर वाढा, पण वरणाची वाटी ताटातून काढू नका.